पाच चुली, एक घर: इरोक्वॉय लोकांचे जीवन आणि राज्यकारभार

आपण नववीच्या वर्गाला इतिहास शिकवता, जगातील जुन्या लोकशाही व्यवस्थांवर एक तास घ्यायचा आहे आणि त्यासाठी उत्तर अमेरिकेतील इरोक्वॉय लोकांचे उदाहरण निवडले आहे, असे आपण लिहिले आहे. त्यांचे रोजचे जीवन कसे होते, राज्यकारभार कसा चालत असे, तिथे खरोखर ‘बायकांचे राज्य’ होते का, आणि अमेरिकेची राज्यघटना त्यांच्यावरून घेतली हे म्हणणे कितपत खरे, असे आपले चार प्रश्न आहेत. मी सत्तावीस वर्षे महाविद्यालयात मानवशास्त्र शिकवले आणि त्यातील बहुतेक वर्षी हा विषय घेतला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मते आपली खरी अडचण माहितीच्या कमतरतेची नाही. आपण ‘रोजचे जीवन’ हा एक भाग आणि ‘राज्यकारभार’ हा दुसरा भाग अशी विभागणी केली आहे, आणि त्या विभागणीमुळे बायकांविषयीचा प्रश्न दोन्हींच्या मध्ये लोंबकळत राहिला आहे. मीही पहिली काही वर्षे असेच शिकवीत होतो. आधी त्यांच्या राष्ट्रांची महासभा, तिचे पन्नास प्रमुख आणि तिचे नियम सांगायचे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत घरे, मका आणि सण उरकायचे. विद्यार्थी पन्नास हा आकडा पाठ करीत, पण प्रमुखाची निवड त्याच्या कुळातल्या बाईने का करायची, हे त्यांना सांगता येत नसे. पुढे मी क्रम उलटा केला. पहिल्या तासाला फळ्यावर फक्त घराचा आराखडा काढू लागलो, आणि राज्यकारभार त्या आराखड्यातून आपोआप उलगडत गेला. या लोकांच्या दृष्टीने त्यांचे राज्य म्हणजे मोठे केलेले घरच होते. हे उपमा म्हणून मी म्हणत नाही. त्यांनी स्वतःच त्याला तसे नाव दिले आहे.

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. ‘इरोक्वॉय लोक असे करीत’ या वाक्याचा अर्थ कोणता काळ आणि कोणते राष्ट्र यावर अवलंबून असतो. सतराव्या शतकातील फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी पाहिलेले गाव, १८५१ मध्ये रॉचेस्टरचे वकील ल्युइस हेन्री मॉर्गन यांनी सेनेका राष्ट्रातील एली पार्कर यांच्या मदतीने वर्णन केलेला समाज, आणि आज त्याच लोकांच्या मुखातून सांगितली जाणारी परंपरा या तीन गोष्टी तंतोतंत एक नाहीत. मी खाली जे लिहितो आहे ते मुख्यतः सतराव्या आणि अठराव्या शतकाविषयी आहे. जिथे त्यापुढे जातो तिथे तसे सांगितले आहे.

आता नाव. ‘इरोक्वॉय’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले असून ते फ्रेंचांच्या तोंडून जगभर पसरले. ते स्वतःला होदेनोशोनी म्हणतात, म्हणजे लांब घराचे लोक. त्यांची मूळ राष्ट्रे पाच, आणि आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ती पूर्वेकडून पश्चिमेकडे एका ओळीत वसलेली होती: मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कयूगा आणि सेनेका. पूर्वेला मोहॉक नदीचे खोरे, पश्चिमेला जेनेसी नदीचे खोरे, आणि मध्ये लांबट तळ्यांची रांग. हा सगळा प्रदेश म्हणजे एकच लांब घर आहे आणि त्यात पाच चुली पेटलेल्या आहेत, असे ते मानीत. मोहॉक हे या घराच्या पूर्व दाराचे राखणदार, सेनेका पश्चिम दाराचे, आणि मधली चूल सांभाळणारे ऑनंडागा. दक्षिणेत युरोपीय वसाहतवाल्यांशी झालेल्या युद्धात उद्ध्वस्त होऊन टस्करोरा लोक उत्तरेकडे आले, त्यांना १७२२ च्या सुमारास या घरात जागा मिळाली, आणि तेव्हापासून इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘सहा राष्ट्रे’ हा उल्लेख येऊ लागला.

प्रत्यक्ष घराकडे पाहू. ते साधारण सहा मीटर रुंद आणि जवळपास तितकेच उंच असे. लांबी मात्र कुटुंबांच्या संख्येवर अवलंबून असे. तीस ते साठ मीटर लांबीची घरे सर्रास होती आणि शंभर मीटरपेक्षा लांब घरांचे अवशेषही उत्खननात मिळाले आहेत. खांबांचा सांगाडा उभा करून वर कमानीसारखे वाकवलेले वासे बांधीत आणि त्यावर एल्म झाडाच्या सालीचे मोठे तक्ते चढवीत. ही साल वसंताच्या अखेरीस, झाडात रस चढलेला असताना, अखंड निघते. म्हणून घरबांधणीचा हंगाम झाडच ठरवीत असे. आत मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी वाट आणि त्या वाटेवर ठरावीक अंतरावर चुली. प्रत्येक चुलीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कुटुंब राहत असे. बसण्या-झोपण्यासाठी जमिनीपासून उचललेले माच, त्यांच्या वर सामानाचे माळे, आढ्याला टांगलेल्या मक्याच्या कणसांच्या वेण्या, आणि प्रत्येक चुलीच्या वर छताला धूर जाण्यासाठी झरोका. मुलगी लग्नाची झाली आणि जागा अपुरी पडू लागली की घराचे टोक उघडून आणखी एक चूल वाढवीत.

मुलगी लग्नाची झाली म्हणून घर वाढते, या तपशिलापाशी थोडे थांबा. या घरात राहणाऱ्या सगळ्या बायका एकमेकींच्या आई, बहिणी, मावश्या आणि मुली असत. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येई. कूळ आईकडून चाले: मूल आईच्या कुळाचे, आणि एकाच कुळातील स्त्री-पुरुषांचा विवाह निषिद्ध. मोहॉक आणि ओनायडा यांच्यात लांडगा, अस्वल आणि कासव अशी तीन कुळे आहेत. सेनेकांत यांखेरीज बीव्हर, हरीण, ससाणा, बगळा आणि पाणलाव्याचे कूळ धरून आठ आहेत. मोहॉक गावातून निघालेला लांडगा कुळाचा माणूस शेकडो किलोमीटर दूर सेनेका गावात पोचला, तरी लांडग्याचे चिन्ह असलेल्या दारात तो परका नसे. तिथे त्याला भावाचा मान आणि जेवण मिळे. राष्ट्रे पाच असली तरी कुळाचे धागे त्यांच्यातून आडवे गेलेले होते, आणि मला वाटते की या राष्ट्रांचा महासंघ टिकण्यात कोणत्याही नियमापेक्षा या आडव्या धाग्यांचा वाटा मोठा आहे.

विवाह दोन्हीकडच्या आया ठरवीत. मुलगी आईबरोबर जाऊन होणाऱ्या सासूला मक्याच्या भाकरी देई आणि सासू परतीची भेट म्हणून हरणाचे मांस देई. त्या देवाणघेवाणीने लग्न झाले असे समजत. एका बाजूने शेत, दुसऱ्या बाजूने शिकार, असा त्या भेटींचा सरळ अर्थ आहे. पटले नाही तर नवरा आपले सामान घेऊन स्वतःच्या आईच्या घरी परत जाई. मुले जिथे होती तिथेच, आईच्या कुळात राहत.

मराठी विद्यार्थ्यांना इथे एक मोठा फायदा आहे आणि तो आपण जरूर घ्यावा. इंग्रजीत मामा, काका, मावसा या सगळ्यांना एकच शब्द आहे, त्यामुळे इंग्रजी वाचकाला इरोक्वॉय नाती गोंधळात टाकतात. आपल्या मुलांना मामा आणि काका वेगळे का, हे समजावून सांगावे लागत नाही. होदेनोशोनी भाषांत मावशीला आईचाच शब्द आहे, काकाला वडिलांचाच, आणि म्हणून मावस व चुलत भावंडे ही सख्खीच. मामा आणि आत्या यांची नाती मात्र निराळी, आणि त्यांची मुलेही निराळी. मॉर्गन यांना ही रचना सेनेकांत सापडली, तिच्यासारखीच रचना दक्षिण भारतातील तमिळ लोकांत आहे हे कळल्यावर ते थक्क झाले, आणि नात्यांच्या तौलनिक अभ्यासाचा पाया तिथून घातला गेला. सुनेने सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणण्याची आपली जुनी पद्धत याच जातीच्या रचनेची खूण आहे. एक फरक मात्र सांगायलाच हवा: महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, तसा विवाह हा होदेनोशोनींच्या व्यवस्थेचा आधार नव्हता. शब्दांची रचना सारखी, विवाहाचा नियम वेगळा.

नवरा दुसऱ्या कुळाचा, म्हणजे घरात एका अर्थाने पाहुणा. मग घरातील मुलांवर कुळाचा पुरुष म्हणून अधिकार कोणाचा? आईच्या भावाचा. वडील मुलावर माया करीत, त्याला शिकार शिकवीत, पण कुळाचा वारसा मामाकडून भाच्याकडे जाई. हे मनात पक्के धरून ठेवा, कारण पुढे प्रमुखपद याच वाटेने जाणार आहे.

अन्नाविषयी मी थोडे जास्त लिहितो, कारण अधिकाराचे मूळ तिथे आहे. मका, घेवडा आणि भोपळा या तीन पिकांना ते तीन बहिणी म्हणतात आणि एकाच उंचवट्यावर लावतात. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीत नत्र धरून ठेवतो, आणि भोपळ्याची रुंद पाने खाली सावली धरून ओल टिकवतात व तण दाबतात. जंगल तोडून जमीन मोकळी करणे, मासेमारी, शिकार, व्यापार आणि युद्ध ही पुरुषांची कामे. पेरणीपासून साठवणीपर्यंतची सगळी शेती बायकांची. त्या एकत्र काम करीत, आणि कामाची दिशा ठरवण्यासाठी एका जाणत्या बाईला प्रमुख नेमीत. अठराव्या शतकाच्या मध्यास मेरी जेमिसन नावाची एक गोरी मुलगी पकडली गेली, दोघी सेनेका बहिणींनी आपल्या मेलेल्या भावाच्या जागी तिला दत्तक घेतले आणि ती जन्मभर सेनेकांतच राहिली. म्हातारपणी तिने सांगितलेली हकीकत १८२४ मध्ये छापली गेली. तिच्या मते तिथल्या बायकांचे काम गोऱ्या बायकांच्या कामापेक्षा जड नव्हते, आणि शेतात त्यांना हाकणारा कोणी धनीही नव्हता.

वाळलेला मका चुलीतल्या राखेच्या पाण्यात उकळीत, म्हणजे दाण्यावरची जाड साल सुटते; मग तो विणलेल्या टोपलीत घालून वाहत्या पाण्यात खळखळून धूत. हे केवळ साल काढण्याचे काम नव्हते. राखेच्या क्षारामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. ही कृती न करता केवळ मक्यावर राहिलेल्या युरोपातील गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. धुतलेला मका उंच लाकडी उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडीत आणि त्या पिठात शिजवलेला घेवडा मिसळून केलेल्या जाड भाकरी पाण्यात उकळून काढीत. दिवसातून एकदा, सकाळी उशिरा, रीतसर जेवण होई. एरवी भांडे चुलीवर असेच आणि ज्याला भूक लागेल तो घेई. दारात आलेल्या कोणालाही आधी अन्न पुढे करायचे आणि मग कामाचे विचारायचे, हा नियम इतका पक्का होता की तो मोडणे म्हणजे कुळाला कमीपणा आणणे. त्यामुळे गावात एका घरी कोठार भरलेले आणि दुसऱ्या घरी उपासमार, असे सहसा घडत नसे.

इथवरचे थोडक्यात असे: घर बायकांचे, शेत बायकांचे, साठा बायकांच्या हातात, मुले आईच्या कुळाची, आणि कुळातील पुरुषांचा अधिकार मामाकडून भाच्याकडे जाणारा. आता याच घरातून महासभेकडे जाऊ.

महासभेत प्रमुखांच्या पन्नास जागा आहेत: मोहॉक नऊ, ओनायडा नऊ, ऑनंडागा चौदा, कयूगा दहा आणि सेनेका आठ. प्रत्येक जागा म्हणजे एक नाव. प्रमुख वारला की नाव मरत नाही; ते ज्या कुळाच्या ज्या शाखेचे असते, तिथली कुलमाता, म्हणजे जाणती थोरली बाई, आपल्या शाखेतील बायकांशी विचारविनिमय करून नव्या माणसाची निवड करते, आणि ते नाव त्याच्या अंगावर चढते. बहुधा तो मेलेल्या प्रमुखाचा भाऊ किंवा भाचा असे. त्याचा मुलगा नव्हे, कारण मुलगा दुसऱ्या कुळाचा असतो. निवडीला कुळाची, राष्ट्राची आणि शेवटी महासभेची मान्यता लागते. राष्ट्रांमध्ये जागा कमी-जास्त असल्या तरी त्याने ताकद कमी-जास्त होत नसे, कारण डोकी मोजलीच जात नसत. पश्चिम दाराचे सेनेका हे संख्येने मोठे राष्ट्र, आणि त्यांच्या जागा सर्वांत कमी.

निवडणारीच काढूही शकते. प्रमुख लोकांचे ऐकेनासा झाला, स्वार्थ पाहू लागला, तर कुलमाता त्याला समज देते. तीन वेळा समज देऊनही सुधारला नाही तर त्याची शिंगे उतरवली जातात. हरणाची शिंगे हे प्रमुखपदाचे चिन्ह आहे, आणि पद गेलेल्या माणसाचे ते नावही परत कुळाकडे जाते. विद्यार्थी नेहमी विचारतात, की हातात सैन्य नसताना एक म्हातारी बाई प्रमुखाला कशी काढू शकत असेल. उत्तर घराच्या आराखड्यात आहे. तो प्रमुख ज्या कुळाचे नाव धारण करतो, ते कूळ म्हणजे तिच्या चुलीभोवतीची माणसे. त्याला मिळालेला मान, त्याच्या दारी आलेल्या पाहुण्यांना वाढले जाणारे अन्न आणि त्याचे नाव, यातील काहीही त्याने स्वतः कमावलेले नाही. ते सगळे तिच्या घरातून आलेले आहे.

महासभा ऑनंडागा राष्ट्रात, मधल्या चुलीपाशी भरे. सुरुवात कामाच्या विषयाने होत नसे. आधी आभाराचे शब्द: माणसे, धरणीमाता, पाणी, मासे, वनस्पती, पिके, औषधी झाडे, प्राणी, वृक्ष, पक्षी, वारे, गडगडाट करणारे आजोबा, थोरला भाऊ सूर्य, आजी चंद्र, तारे आणि निर्माता, अशा क्रमाने एकेकाचे आभार मानले जातात आणि प्रत्येकानंतर आता आपली मने एक झाली आहेत असे म्हटले जाते. आजही त्यांच्या सभा आणि काही शाळांचे दिवस असेच सुरू होतात. मागच्या सभेनंतर एखादा प्रमुख मरण पावलेला असेल, तर त्याहीआधी सांत्वनाचा विधी होतो. दुःखात नसलेला गट दुःखात असलेल्या गटाचे डोळे पुसतो, कान मोकळे करतो, गळ्यातला हुंदका दूर करतो. शब्दांनी आणि शिंपल्याच्या मण्यांच्या माळांनी. शोकात असलेल्या माणसाच्या हातून नीट निर्णय होत नाही, म्हणून आधी त्याचे मन सावरायचे, ही समज मला त्यांच्या सगळ्या राज्यशास्त्रात सर्वांत खोल वाटते.

मग विषय मांडला जातो. मोहॉक आणि सेनेका हे थोरले भाऊ आधी आपापसांत विचार करून एक मत ठरवतात. ते मत चुलीपलीकडे ओनायडा आणि कयूगा या धाकट्या भावांकडे जाते; टस्करोरांचे म्हणणेही याच बाजूने मांडले जाते, कारण पन्नासांत त्यांच्या स्वतंत्र जागा नाहीत. दोन्ही बाजूंचे जुळले की चूल सांभाळणारे ऑनंडागा त्याला संमती देतात; जुळले नाही, किंवा ऑनंडागांना काही खटकले, तर विषय परत पहिल्या बाजूकडे जातो. मतदान नाही. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे नाही, आणि त्याचे बोलणे संपल्यावर काही राहून गेले असेल तर आठवण्यासाठी त्याला थोडा वेळ द्यायचा. उत्तर सहसा त्याच क्षणी दिले जात नसे, कारण उतावळेपणाने दिलेले उत्तर म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा अपमान. इंग्रज आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना या संथपणाचा फार कंटाळा येई, पण त्यांनाही ही शिस्त पाळावी लागे.

लेखी संहिता नव्हती, मग स्मरण कशावर टिके? मण्यांच्या पट्ट्यांवर, ज्यांना वॅम्पम म्हणतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या शिंपल्यांपासून पांढरे आणि जांभळे मणी करून ते विणले जात. हे पैसे नव्हते. युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यांचे चलन केले. होदेनोशोनींसाठी पट्टा म्हणजे दिलेला शब्द, आणि तो हातात घेऊन त्याचा अर्थ वेळोवेळी सर्वांपुढे सांगणे म्हणजे तो शब्द जिवंत ठेवणे. महासंघाच्या पट्ट्यावर मध्यभागी एक वृक्ष आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोन आहेत, एका रेषेने जोडलेले. वृक्ष म्हणजे ऑनंडागा. न्यूयॉर्कच्या राज्य संग्रहालयात अनेक वर्षे राहिलेले असे बारा पट्टे १९८९ मध्ये ऑनंडागा राष्ट्राला परत करण्यात आले.

या वृक्षाची कथा वर्गात जरूर सांगा. पाच राष्ट्रे सूडाच्या युद्धांत गुंतलेली असताना शांततेचा संदेश घेऊन एक पुरुष आला. त्याला ‘शांतिदूत’ म्हणतात आणि त्याचे खरे नाव आदरापोटी सहज उच्चारत नाहीत. त्याचा संदेश प्रथम स्वीकारला तो जिगोन्साशे नावाच्या बाईने, आणि म्हणून प्रमुख निवडण्याचा मान बायकांकडे गेला असे परंपरा सांगते. मुली गमावून शोकाने वेडापिसा झालेला हायवाथा त्याच्याबरोबर आला. ऑनंडागांचा तादोदाहो, ज्याच्या केसांत साप गुंतलेले होते, तो सर्वांत शेवटी वळला. त्याला मारले नाही. त्याच्या केसांतील साप विंचरून काढले आणि त्यालाच महासभेचे पहिले स्थान दिले. ते नाव आजही ऑनंडागांत धारण केले जाते. शांततेचा पांढरा पाइन वृक्ष लावला, त्याच्या मुळांखाली शस्त्रे पुरली. हे कधी घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही: काही जण परंपरेत उल्लेखलेल्या सूर्यग्रहणावरून ११४२ हे वर्ष धरतात, तर पुष्कळसे पुरातत्त्वज्ञ १४५० ते १६०० हा काळ मानतात. वर्गात दोन्ही सांगावे.

आता आपला तिसरा प्रश्न. ‘बायकांचे राज्य’ हा शब्द मी वापरत नाही, कारण त्यात पुरुषांच्या जागी बायका बसल्या असे चित्र उभे राहते. महासभेत प्रमुख म्हणून पुरुषच बसत आणि बोलत. बायका निवड करीत, ऐकत, काढून टाकीत, स्वतःच्या वेगळ्या सभा घेत आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी वक्ता पाठवीत. १७९१ मध्ये सेनेका बायकांनी रेड जॅकेट या विख्यात वक्त्याकरवी अमेरिकी प्रतिनिधीला सुनावले की जमीन आमची आहे, तेव्हा आमचेही ऐकले पाहिजे. युद्धावर जाणाऱ्यांना लागणारी शिदोरी म्हणजे भाजून दळलेला मका आणि चामड्याचे जोडे. दोन्ही बायका करीत, त्यामुळे त्या हात आखडता घेऊन मोहीम थांबवू शकत. सत्ता वाटलेली होती, असे म्हणणे मला जास्त प्रामाणिक वाटते. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यात ज्या स्त्रियांनी मताधिकारासाठी लढा दिला, त्यांच्यापैकी मटिल्डा जॉस्लिन गेज यांनी या शेजाऱ्यांकडे पाहूनच आपल्या समाजाला प्रश्न विचारले. त्यांच्या स्वतःच्या समाजात विवाहित बाईला मुलांवर आणि मालमत्तेवर जेमतेम हक्क होता.

चित्र एकतर्फी होऊ नये म्हणून युद्धाचेही सांगा. शांततेचा वृक्ष पाच राष्ट्रांच्या आपसांतील शांततेचा होता. बाहेरच्यांशी त्यांची युद्धे भीषण झाली. १६४९ मध्ये त्यांनी त्यांच्यासारखीच भाषा बोलणाऱ्या आणि तशाच लांब घरांत राहणाऱ्या वेंडॅट लोकांची वस्ती मोडून काढली. युरोपीय रोगांनी माणसे मरत होती, आणि मेलेल्यांच्या जागी कैदी आणून दत्तक घेणे हा युद्धाचा एक मोठा हेतू होता. काही कैद्यांचे हाल करून त्यांना मारले जाई. दत्तक घ्यायचे की नाही, हेही पुष्कळदा शोकाकुल घरातील बायकाच ठरवीत. घराचा अधिकार हातात असण्याला ही बाजूही होती.

चौथा प्रश्न अमेरिकेच्या घटनेचा. १७४४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथील तहाच्या वेळी ऑनंडागा वक्ता कनासतेगो याने वसाहतींना आमच्यासारखे एक व्हा असा सल्ला दिला, आणि त्या तहाचा वृत्तांत बेंजामिन फ्रँकलिन यांनी छापला. १७५१ च्या एका पत्रात फ्रँकलिन यांनी लिहिले की सहा राष्ट्रांना असा संघ करता येतो तर इंग्रजी वसाहतींना का येऊ नये. त्या पत्रात या लोकांविषयी तुच्छतेचे शब्दही आहेत. १७५४ मध्ये ऑल्बनी येथे वसाहतींच्या संघाची योजना मांडली गेली तेव्हा होदेनोशोनी प्रतिनिधी त्या गावात हजर होते. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या योगदानाची दखल घेतली. इतके सगळे खरे असूनही ‘घटना त्यांच्यावरून घेतली’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांना लिहू देत नाही. स्वतंत्र राज्यांनी एक संघ करावा, ही कल्पना डोळ्यांपुढे चालती-बोलती दिसत होती, एवढे नक्की. पण एकमताची सक्ती, कुळ आणि बायकांच्या हातातील निवड हा त्या व्यवस्थेचा गाभा आहे, आणि अमेरिकेच्या घटनेत यांपैकी काहीही नाही. बहुमत आहे, आणि त्या बहुमतात १९२० पर्यंत देशभरातील बायकांना मताचा हक्क नव्हता.

शेवटी, भूतकाळ वापरताना काळजी घ्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७९ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आदेशावरून जनरल सलिव्हन यांच्या सैन्याने चाळीस गावे जाळली आणि स्वतःच्या अहवालानुसार १,६०,००० बुशेल मका नष्ट केला. बुशेल म्हणजे सुमारे ३५ लिटरचे माप. शत्रूने बायकांचे कोठार का जाळले, हे एव्हाना आपल्या लक्षात आले असेल. त्यानंतर मोठा गट १७८४ मध्ये कॅनडातील ग्रँड नदीकाठी गेला. १७९९ पासून हँडसम लेक या सेनेका द्रष्ट्याने दारूविरुद्ध आणि पुरुषांनी नांगर धरण्याच्या बाजूने उपदेश केला. लांब घरे हळूहळू मोडून एकेकट्या कुटुंबांची घरे झाली. १८४८ मध्ये सेनेकांच्या एका मोठ्या गटाने निवडून आलेले शासन स्वीकारले, तर १९२४ मध्ये ग्रँड नदीकाठी कॅनडा सरकारने निवडणुकीचे मंडळ लादले. ऑनंडागा राष्ट्रात मात्र कुलमाता आजही प्रमुख निवडतात. ‘लांब घर’ हा शब्द आता सभेच्या आणि सणांच्या इमारतीसाठी वापरतात, आणि हिवाळ्यातील मोठ्या सणात चुलीतली राख ढवळण्याचा विधी तिथेच होतो.

आपल्या तासासाठी माझी सूचना ही. बाके हलवून तीन बाजू करा: थोरले भाऊ, धाकटे भाऊ, आणि मध्ये चूल सांभाळणारे. प्रत्येक गटाच्या मागे दोन मुलींना कुलमाता म्हणून उभे करा. त्या सभेत बोलणार नाहीत, पण आपला प्रमुख त्यांनीच निवडायचा आणि तीन वेळा समज देऊन त्यांनीच उठवायचा. विषय मुलांच्या जिव्हाळ्याचा द्या, उदाहरणार्थ सहलीला कुठे जायचे. घंटा होईपर्यंत एकमत झाले नाही तर कृपा करून हात वर करायला सांगू नका. महासभेत अशा वेळी विझवायची नसलेली चूल राखेने झाकून ठेवतात आणि विषय पुढच्या बैठकीपर्यंत तसाच राहतो.